देवळसांगवीला जायची तयारी

आमच्याकडे कुणाचं लग्न निघालं की पहिलं आमंत्रण माणसांना जात नसे, देवीला जाई. चौरंगावर सुपारी मांडून घरातला सगळ्यांत वयस्कर पुरुष हाक घाली, "देवळसांगवीची आई, लग्नाला ये." मग आम्ही सगळ्यांनी एका सुरात "ये गं आई" म्हणायचं आणि त्यानंतर वाजंत्री. ही देवळसांगवी कुठे आहे, हे मात्र मैसूरच्या आमच्या भावकीत एकालाही ठाऊक नव्हतं. कापड रंगवणारी, छापणारी आमची माणसं किती पिढ्यांपूर्वी तिथून निघाली आणि इतक्या लांब येऊन का थांबली, हे कुणी सांगू शकत नसे. रंगाचे हंडे मोडीत गेले, मुलं कानडी शाळेत शिकली, घरातल्या मराठीत कानडी कालवली गेली. गावाचं नाव तेवढं त्या एका हाकेत शिल्लक होतं. आजही आमच्यात लग्नं होतात, आणि आमंत्रणपत्रिका फोनवर येतात, पण ती हाक ऐकायला लागू नये म्हणून मी मुद्दाम उशिरा पोचते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, शिंपीकाम करत. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी मशीनचा आवाज कानात शिरायचा, आणि त्यामागून स्वयंपाकघरातला फोडणीचा. आई चित्रान्न करायची त्या दिवशी लिंबाचा आणि शेंगदाण्याचा वास थेट दुकानात जाई आणि गिऱ्हाइकं मापं देता देता आत वाकून बघत. माझ्या पाठची दोन भावंडं आईच्या पोटी आली तशीच गेली होती. मग गुंडू झाला. तो जगला. म्हणून आईनं नवस बोलला, की याचं जावळ जवळच्या नंजनगूडला नाही, चामुंडीला नाही, थेट देवळसांगवीच्या आईपुढे काढीन. तोवर याच्या केसांना कात्री लागणार नाही. नवस बोलताना तिला कुणी विचारलं नाही की बाई, ते गाव आहे कुठे. अप्पा म्हणाले, "शोधू की. गाव काय पळून जातंय?"

गुंडू तीन वर्षांचा झाला तेव्हा त्याची वेणी खांद्याखाली आली होती. पेठेतल्या बायका त्याला मुलगी समजून गाल ओढत आणि तो चिडून चड्डी खाली करून दाखवी. पाण्याला मात्र फार भ्यायचा. डोक्यावरून पाणी घेताना सगळी गल्ली गोळा होईल असा ओरडायचा, आणि मला त्याचे हात धरून ठेवावे लागत. त्या वर्षी त्याला ताप आला. चार दिवस होता. पाचव्या दिवशी सकाळी नव्हता. त्याला न्यायच्या आधी आई उठली, दुकानात गेली, अप्पांची मोठी कात्री घेऊन आली आणि कुणाला न विचारता तिनं त्याची वेणी कापून घेतली. बायका "असं करू नये" म्हणाल्या. तिनं ऐकून घेतलं आणि वेणी पदरात बांधली. पुढे ती एका पितळी डबीत ठेवली.

त्यानंतर आई बोलायची थांबली. कामापुरतं बोले. पण शुक्रवारी न्हाण झालं, की ती ती डबी काढायची, बोटभर तेल घ्यायची, वेणी सोडायची, तेल लावून पुन्हा घालायची. त्या वेळी अप्पा मशीन थांबवून बाहेर निघून जात. मी दाराशी बसून पाहत असे. मला भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा राग जास्त यायचा. माझ्या केसांना तेल लावायला तिला आठवत नसे. मेलेल्या भावाचा हेवा करणारी पोरगी होते मी, हे आता या वयात लिहायला हरकत नाही.

ती वेणी देवीपुढे ठेवून नवस फेडला तर आई पुन्हा बोलेल, असं अप्पांनी धरलं; गाव शोधायला लायब्ररीचं त्यांना कुणी सुचवलं ते आठवत नाही. एका रविवारी ते मला घेऊन पब्लिक लायब्ररीत गेले. त्यांचं शिक्षण कानडी चौथीपर्यंत, आणि मी इंग्रजी शाळेत, म्हणून मी. वाचनालयाची ती उंच खोली, पंख्यांची संथ घरघर, काठीला लावलेली वर्तमानपत्रं वाचणारे पेन्शनर, सगळं मला पहिल्याच दिवशी आवडलं. तिथं शिवण्णा नावाचे गृहस्थ होते. हाताला डिंकाचा वास, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. अप्पांनी त्यांना कानडीत सगळी हकिकत सांगितली, गुंडूसकट. ऐकून झाल्यावर शिवण्णा आत गेले आणि महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचे जुने गॅझेटियर, कातडी बांधणीचे, एकावर एक आणून टेबलावर ठेवले. "वाच बाळ," ते मला म्हणाले, "घाई नाही. मी इथंच आहे."

सात रविवार मी वाचत होते. आठव्या रविवारी सोलापूर जिल्ह्याच्या खंडात देवळसांगवी निघाली. नदीच्या डाव्या काठी, मंगळवारचा बाजार, रंगाऱ्यांची घरं, काळ्या दगडाचं देवीचं देऊळ, पुढे दीपमाळ, चैत्रात जत्रा. "रंगाऱ्यांची घरं" हे मी मोठ्यानं कानडीत सांगितलं तेव्हा अप्पांनी टेबलाची कड धरली. शिवण्णांनी वाचनालयाच्या नियमाविरुद्ध जोरात "शाब्बास" म्हटलं आणि चार पेन्शनरांनी माना वळवून आमच्याकडे पाहिलं. घरी येऊन मी ते आईला मराठीत सांगितलं. ती ताक घुसळत होती. रवी थांबली. "दीपमाळ आहे?" तिनं विचारलं. किती महिन्यांनी तिनं मला काही विचारलं होतं! "देवळापुढंच का? पायऱ्या किती, लिहिलंय का स्वल्प बघ की गं शारी." पायऱ्या लिहिलेल्या नव्हत्या. मी सात सांगितल्या.

मग आमच्या घरात तयारी सुरू झाली आणि ती चार महिने चालली. तसे दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा आले नाहीत. लायब्ररीतले नकाशे घरी न्यायला परवानगी नव्हती, तर अप्पा कापड बेतायचा खाकी कागद घेऊन यायचे, नकाशाच्या शेजारी पसरायचे आणि मी पेन्सिलनं रेघा उतरवायचे. गळ्यातला टेप काढून ते रुळांचं माप घेत. "बंगळूर ते गुंतकल सव्वापाच इंच," असं बायकांच्या पोलक्याचं माप सांगावं तसं सांगत. रेल्वेचं वेळापत्रक मला अभ्यासापेक्षा जास्त पाठ झालं. प्रवासवर्णनांच्या कपाटातून शिवण्णा माझ्यासाठी पुस्तकं काढून ठेवत, आणि मी आत शिरले की विचारत, "एनम्मा, इवत्तु एल्लिगे प्रयाणा?" आज कुठला प्रवास, असं. मी दर वेळी वेगळं गाव सांगे. मैसूर सोडून मी फक्त बेळगोळच्या रस्त्यानं धरणावर सहलीला गेले होते, तेही दर वर्षी तीच बाग, तेच कारंजं, तीच भजी. आता माझ्याकडे खाकी कागदावर निम्मा देश होता.

घरी रात्रीच्या जेवणानंतर वही उघडायची. अप्पा विचारत, मी वाचून दाखवी, आई भांडी आवरून, हात पुसून येऊन बसे. तिचे प्रश्न वेगळेच असत. कुठल्या स्टेशनावर गाडी जास्त थांबते? तिथं गरम दूध मिळतं का? खिडकीला गज असतात ना नीट, डोकं बाहेर निघत नाही ना? अप्पा खाली मान घालून म्हणत, "लिही शारी. दूध, गुंतकल." मी लिहायचे. आम्ही तिघं जाणार होतो, पण वहीत तयारी चौघांची होत होती. हे मला कळत होतं आणि अप्पांनाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नसू. एकदा वही मिटताना माझ्या मांडीशी चटईचं टोक हललं, म्हणून मी खाली पाहिलं. काही नव्हतं. आईनं तिकडे पाहून हलकेच हात फिरवला, जसं कुणाला थोपटावं तसा.

तिकिटं काढून झाली. दिवाळीनंतरचा मुहूर्त ठरला. निघायच्या आठवड्यात मी एकटीच लायब्ररीत गेले, घेतलेली पुस्तकं परत करायला. शिवण्णा खुशीत होते. "बघ, तुझ्यासाठी काय आलंय," म्हणत त्यांनी नवा कोरा ॲटलास माझ्यापुढे ठेवला आणि ते पावत्या फाडायला निघून गेले. मी सोलापूर काढलं. बोटानं नदी धरली. फाटा सापडला, पलीकडचं मोठं गाव सापडलं. मधे जिथं देवळसांगवी असायला हवी होती तिथं नदी पसरून निळी झाली होती, तळहाताएवढी, आणि तिच्या एका टोकाला काळी आडवी रेघ होती. त्या रेघेचा अर्थ मैसूरच्या पोराला शिकवावा लागत नाही. आम्ही दर वर्षी तशाच एका रेघेवर उभं राहून भजी खायचो.

मी ॲटलास मिटला. तो घेऊन कपाटांच्या मागच्या रांगेत गेले आणि बांधीव जुन्या मासिकांच्या मागे, भिंतीला टेकवून, उभा ठेवून दिला. रविवारी अप्पा एकदा शेवटचं पाहून घेऊ म्हणून आले असते तर त्यांना तो दिसू नये म्हणून. मग शिवण्णांना नमस्कार करून घरी आले. आईला आशा लागली होती, तिचं मन मोडवेना, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला जायचं होतं. मला खिडकी हवी होती, गुंतकलचा फलाट हवा होता, चार महिने जे कागदावर पाहिलं ते डोळ्यांनी पाहायचं होतं. मी चौदा वर्षांची होते आणि मला फक्त स्वतःचं सुचत होतं.

आणि प्रवास सुंदर झाला. ते सांगितलंच पाहिजे. वेळापत्रकात होती तशीच एकेक स्टेशनं येत गेली आणि मी आधीच नाव सांगितलं की समोरचे प्रवासी चकित व्हायचे. गुंतकलला खरोखर दूध होतं. आईनं ते पेल्यात घेऊन, फुंकर मारून निववलं, थोडा वेळ हातात धरलं आणि मग मला दिलं. पहाटे सोलापूरला उतरलो आणि हमाल मराठीत भांडत होते. चहावाला मराठीत ओरडत होता. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "अय्यो, अहो, हे सगळे आपल्यातलेच की!" मैसुरात मराठी बोलतो तो आपल्या भावकीतला, हे आम्ही जन्मापासून धरून चाललेलो. अप्पांनी एसटीच्या कंडक्टरला हात जोडून विचारलं, "तुमचं घराणं कुठलं म्हणायचं? मैसुरात कोण असतात तुमचे?" तो गडगडून हसला. "मामा, मी इथलाच. कुठं उतरायचं?" देवळसांगवी म्हटल्यावर त्यानं जरा थांबून आमच्या बोचक्यांकडे पाहिलं. "फाट्यावर सोडतो. तिथं कोन हाय तुमचं?" अप्पा म्हणाले, "आई आहे." त्यानं तिकिटं फाडली आणि पुढे गेला. मी खिडकीला नाक लावून बसले होते. मला वाटलं, बस बिघडावी. बस चांगली होती.

फाट्यापासून कच्च्या रस्त्यानं तासभर चाललो. अप्पा खाकी कागद उघडून पुढे, आई डबीचं फडकं छातीशी धरून मागे. ती काहीतरी पुटपुटत होती. स्तोत्र असेल असं मला वाटलं. एक चढ चढलो आणि पुढे पाणी होतं. नदीचं नव्हे, ऊन पडलेलं, हलकेच हलणारं, पलीकडचा काठ नीट दिसू नये इतकं पाणी. बगळे होते. काठाशी शेरडं राखणारा एक म्हातारा बसला होता. अप्पांनी त्याच्यापुढे कागद धरला. "हे बघा, नदीची डावी बाजू. बाजार, रंगाऱ्यांची घरं, देऊळ. पुस्तकात आहे." म्हाताऱ्यानं कागदाकडे पाहिलंच नाही. "गाव कुठलं आता, पावणं? समदं पान्यात हाय. चार वर्सं झाली. मानसं उठून गेली, कोन कुठं, कोन कुठं." "आणि देवी?" आईनं विचारलं. त्यानं हात लांब करून पाण्याच्या मध्यावर बोट दाखवलं. "लई जनांनी धरलं. हलली न्हाई. ऱ्हायली तितंच."

अप्पा खाली बसले. आई पाण्याकडे चालत गेली. पावलं भिजेपर्यंत गेली, उकिडवी बसली, फडकं सोडलं, डबी उघडली. मी मागे उभी होते. तिनं वेणी हातात घेतली आणि कितीतरी वेळ तशीच धरून बसली. पाण्याची एक बारीक लाट येऊन तिच्या बोटांना लागली आणि तिनं हात झटकन वर उचलला. मग वेणी पुन्हा डबीत ठेवली, झाकण लावलं, उठली. "नको," ती अप्पांना म्हणाली. "पाण्याला भितो तो." परतीच्या प्रवासात मी खिडकीत बसले नाही. जागा होती, पण कुणी बसलं नाही.

मैसूरला आल्यावर पुढच्या रविवारी अप्पा लायब्ररीत गेले आणि मलाही ओढत घेऊन गेले. शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज त्या उंच खोलीत घुमला. सरकारी पगार खाता आणि लोकांना बुडालेली गावं दाखवता, मेलेल्या मुलाच्या आईला तिथवर फिरवलंत, असं काय काय ते बोलले. पेन्शनर उठून उभे राहिले. शिवण्णा अप्पांकडे पाहत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते. ॲटलास त्यांनीच माझ्या हातात दिला होता. पुढे तो नाहीसा झाला, हेही त्यांना कळलेलं असणार. एक वाक्य बोलले असते तर ते सुटले असते. ते बोलले नाहीत. "चूक झाली, क्षमा करा," असं त्यांनी अप्पांना म्हटलं आणि दोऱ्यानं बांधलेला चष्मा काढून पुसत राहिले. अप्पा पुन्हा त्या इमारतीत गेले नाहीत. मी कॉलेजात गेल्यावर धीर करून गेले तर शिवण्णांची बदली झालेली होती. जुन्या मासिकांच्या मागे हात घालून पाहिला. ॲटलास अजून तिथंच होता. मी तो तसाच राहू दिला.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. लग्न झालं, नोकरी झाली, मुलं झाली. मी खूप हिंडले. आता फोनवर बोट ठेवलं की रस्ता बोलू लागतो आणि मैसूरच्या गोकुलममध्ये योग शिकायला आलेली परदेशी मुलं मलाच वाट विचारतात. पण कुठंही जायचं ठरलं की पहिल्यांदा मी निळा रंग शोधते. अप्पा गेल्यावर आई माझ्याकडे, मैसूरच्या कडेला हिनकलला, राहायला आली. पितळी डबी तिच्याबरोबर आली. शुक्रवारी तेल चालूच होतं. माझ्या नातीनं एकदा विचारलं, पणजी कुणाशी बोलते. मी म्हटलं, वय झालंय तिचं.

शेवटच्या हिवाळ्यात एका दुपारी ती चटईवर पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसले आणि का कोण जाणे, सांगून टाकलं. ॲटलास, निळा रंग, मासिकांमागची भिंत, शिवण्णांचं गप्प राहणं, सगळं. साठी उलटलेली बाई मी, पण आईच्या हातचा मार खाणाऱ्या पोरीसारखी खाली बघून बोलले. तिनं शेंग सोलायची थांबवली नाही. मी संपवल्यावर आणखी दोन-तीन शेंगा सोलल्या.

"मला फसवलंस ते असू दे," ती म्हणाली. "मी मोठी होते. सोसलं. पण त्याला मी सगळी वाट सांगत होते गं. गाडीत, बसमध्ये, त्या चढावर. आता पोचलो, गुंडू, केस काढू, देवीच्या पाया पड, मग तू मोकळा, मग सुखानं जा. असा शब्द दिला मी त्याला. तो ऐकून बसला. तेव्हापासून सुम्ने, नुसता, बसूनच आहे बघ, जात नाही. मला वाटायचं, माझंच काही चुकलं." तिनं हातातले दाणे ताटलीत टाकले आणि तिच्या डाव्या बाजूची चटई हातानं साफ केली. "मी किती सांगू त्याला? तूच सांग."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती भ्रमात नव्हती. डोळे स्वच्छ होते. मी त्या मोकळ्या चटईकडे तोंड करून बसले. इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. "गुंडू," मी म्हटलं, "मला ठाऊक होतं." ते मलाच जेमतेम ऐकू आलं.

"मोठ्यानं सांग," आई म्हणाली. "लहान आहे तो. त्याला कळायला हवं."